चाड्यावरची मूठ

पुतण्या यंदा बारावीला आहे. मृगाच्या तोंडावर गावी गेलो होतो, तेव्हा तो पानठेल्यावरून आला, मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "काका, मी अल्फा आहो का सिग्मा?"

मला वाटलं गणिताचं काही असेल. रीलमध्ये एक दाढीवाला माणूस जिममध्ये उभा राहून हिंदीत सांगत होता, की खरा मर्द रडत नाही, माफी मागत नाही, बाईच्या मागे जात नाही. तो कळपातला पहिला लांडगा असतो, म्हणजे अल्फा; आणि कळप सोडून एकटा फिरणारा तो सिग्मा. बोट सरकवलं की दुसरी रील. समई, पदर, मागे बासरी. बाईनं आपली 'स्त्री-ऊर्जा' जागवायची असेल तर शांत राहावं, निर्णय त्याला घेऊ द्यावेत. दोन्ही रीलमध्ये एकच शब्द फिरत होता, आर्केटाइप. पुतण्यानं तो तीनदा तीन प्रकारे उच्चारला आणि मग विचारलं, "म्हंजे काय असते बाप्पा हे?"

वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून त्याला जे सांगितलं ते जरा नीट करून इथं लिहितो.

लांडग्याचं आधी उरकून टाकतो, कारण ते सोपं आहे. रुडॉल्फ शेंकेल नावाच्या अभ्यासकानं १९४७ मध्ये प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवर लिहिलं. एकमेकांशी नातं नसलेली जनावरं एका आवारात ठेवली तर मारामाऱ्या होणारच आणि त्यातला एखादा वरचढ ठरणारच. अमेरिकेतल्या डेव्हिड मेक यांनी १९७० मध्ये लांडग्यांवरच्या आपल्या पुस्तकात ती कल्पना घेतली आणि 'अल्फा' हा शब्द जगभर गेला. पुढे याच मेक यांनी मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असतं. माय, बाप आणि त्यांची पिल्लं. ज्याला आपण अल्फा म्हणत होतो तो पिल्लांचा बाप, आणि त्याच्याबरोबर तेवढीच वजनदार त्यांची माय. जुनं पुस्तक छापणं बंद करा म्हणून मेक प्रकाशकाच्या मागे लागले होते. ते २०२२ मध्ये थांबलं. रील काही थांबल्या नाहीत.

"म्हंजे आपल्या घरी बाबा अल्फा?" पुतण्या म्हणाला. मी म्हटलं, बाबा अन् आई दोघंही. तो खो खो हसला. सकाळीच दुधाच्या हिशोबावरून आईनं बाबाला चांगलंच झापलं होतं.

आता आर्केटाइप. मराठी समीक्षेत त्याला 'आदिबंध' म्हणतात. शब्द जड आहे, पण गोष्ट आमच्या वावराला लागूनच आहे. पश्चिमेकडून एक नाला जातो. मार्च ते मे कोरडा ठक्क, पोट्टे त्यात क्रिकेट खेळतात. नव्या माणसाला तिथं नाला आहे हे सांगूनही पटत नाही. पण जूनमध्ये वरच्या अंगाला पाऊस झाला की पाणी बरोब्बर त्याच पात्रातून येतं आणि स्टंप घेऊन जातं. पाणी दरवर्षी नवं, वाट जुनीच.

कार्ल युंग (१८७५-१९६१) या स्विस मानसशास्त्रज्ञानं आदिबंधाला हीच उपमा दिली आहे. १९३६ मधल्या एका लेखात तो म्हणतो, की आदिबंध म्हणजे नदीची पात्रं. पाणी सोडून गेलं की कोरडी पडतात, पण पाण्याला ती केव्हाही पुन्हा सापडतात. त्याचं म्हणणं असं, की माणसाच्या मनात अशा काही वाटा जन्माआधीपासून कोरलेल्या आहेत. आई, वीर, राजा, शहाणा म्हातारा, फसवा, अनाथ लेकरू. एकमेकांना कधी न भेटलेल्या लोकांच्या गोष्टींत हीच माणसं सापडतात ती त्यामुळे. या सगळ्यांच्या सामाईक तळाला त्यानं 'सामूहिक नेणीव' म्हटलं; नेणीव म्हणजे मनाचा आपल्याला न जाणवणारा भाग. अशा वाटा खरोखर जन्मजात असतात की गोष्टी ऐकून ऐकून पडतात, यावर त्याच्यानंतर बरंच भांडण झालं आहे. आपल्यापुरतं एवढं पुरे, की वाटा आहेत, आणि पाऊस आला की आपण त्यांच्यातूनच वाहतो.

इथं एक घोळ नेहमी होतो, तो आत्ताच सोडवून ठेवू. वाट म्हणजे पाणी नव्हे. 'आई' ही वाट एक आहे, तिच्यातून येणारी रूपं अनेक. माहूरची रेणुका ही आई, अमरावतीची अंबा ही आई, आणि लेकरं गिळणारी राक्षसीण हीही त्याच वाटेनं आलेली आई. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. रोगराई, इडा-पिडा घेऊन जा गे मारबत, असं ओरडत लोक त्या बाईच्या पुतळ्याला गावाबाहेर नेऊन जाळतात. आणि जेमतेम आठवड्यानं त्याच गल्ल्यांत घरोघर महालक्ष्म्या बसतात, सोळा भाज्यांचा नैवेद्य होतो. एकीला हाकलायचं, दुसरीला उंबऱ्यावरून पावलं काढत आत आणायचं. दोन्ही बायाच. आदिबंध कधीच नुसता गोड नसतो, त्याला काळी बाजू असतेच. रीलमधली बाई मात्र फक्त समईवाली असते. वाटेचा एकच तुकडा कापून त्याला अख्खी वाट म्हटलं की जे उरतं, तो ठोकळा. आदिबंधातून माणसाला वाहता येतं. ठोकळ्यात त्याला कोंबावं लागतं.

पुरुषपण आणि बाईपण यांच्याबद्दल युंगची खरी गंमत पुढे आहे. तो म्हणतो, प्रत्येक पुरुषाच्या नेणिवेत एक बाई असते, तिला त्यानं 'ॲनिमा' म्हटलं. प्रत्येक बाईच्या नेणिवेत एक पुरुष असतो, तो 'ॲनिमस'. जो पुरुष आतल्या बाईला दाबतो तो एक तर कोरडा होतो, नाही तर तिला बाहेरच्या एखाद्या खऱ्या बाईवर लादतो आणि तिनं देवीसारखं वागावं असा हट्ट धरतो. म्हातारं होईपर्यंत माणसानं आतल्या या दुसऱ्या अर्ध्याशी ओळख करून घ्यावी, तोच मनाचा पूर्णपणा, असं त्याचं मत. रीलवाल्यानं युंगचा शब्द उचलला आणि युंगचा मुद्दाच फेकून दिला.

युंगही काही धुतल्या तांदळाचा नव्हता. विचार हा पुरुषाचा प्रांत आणि नातं हा बाईचा, असं त्यानं बरंचसं धरून ठेवलं होतं. ठाम मत मांडणाऱ्या बाईला तिच्या ॲनिमसनं झपाटलंय, असंही तो म्हणायचा. इथं तो थेट आमच्या पानठेल्यावरचा वाटतो. १९३७ च्या अखेरीस तो भारतात आला होता, कलकत्त्याच्या सायन्स काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवासाठी. तिथं हगवणीनं आजारी पडून काही दिवस दवाखान्यात राहिला. वऱ्हाडात उतरला असता तर त्याला आपल्या सिद्धांताची चालती-बोलती उदाहरणं सापडली असती.

अमरावती जिल्ह्यातले गुलाबराव महाराज घ्या. १८८१ चा जन्म, वर्षाचे होण्याआधीच दृष्टी गेलेली, आणि तरी शंभरावर ग्रंथ. ते स्वतःला ज्ञानेश्वरांची मुलगी आणि कृष्णाची पत्नी मानत. कुंकू लावत, मंगळसूत्र घालत. लोक त्यांना महाराजच म्हणत आणि पाया पडत. चांदूर बाजाराजवळच्या माधानला त्यांचा उत्सव आजही होतो, आणि त्यात मिशांना पीळ देणारे कास्तकार रांगेत असतात. त्यातल्या कुणाला यात वावगं वाटत नाही. त्याच कास्तकाराचा मुलगा बहिणीची ओढणी गळ्यात टाकून नाचला, तर मात्र घरात काय होतं ते सांगायला नको.

किंवा गाडगेबाबा. १८७६ ला शेंडगावात जन्मले. हातात खराटा, डोक्यावर गाडगं. गावात शिरलं की आधी गाव झाडायचे, रात्री कीर्तन. झाडणं हे घरात बाईचं आणि गावात जातीनं खाली ढकललेल्याचं काम. बाबांनी ते पुरुषाच्या हातात, भर रस्त्यात, दिवसाउजेडी आणलं. आज गावोगावी त्यांचा फोटो आहे आणि फोटोत खराटा आहे. ग्रामपंचायतीत त्या फोटोखाली बसणाऱ्या किती पुरुषांनी घरात केरसुणी धरली असेल, हे मी मोजलेलं नाही. मोजायला बोटं पुरतील असा अंदाज आहे.

त्याहून मागे गेलं तर तेराव्या शतकातलं रिद्धपूर. महानुभाव पंथातल्या गोविंदप्रभूंना लोक राउळ म्हणत. त्यांच्याबद्दल गावातली माणसं म्हणत, राउळ माय, राउळ बाप. एकाच माणसाला दोन्ही. पंढरीचा विठोबा 'विठाई माउली' होतो आणि जनीबरोबर जात्यावर बसतो, ज्ञानेश्वर तर थेट 'माउली'. वारीत तुम्ही कुणाचा पाय तुडवला तर तोही तुम्हाला माउलीच म्हणतो. देवाची आणि संताची गोष्ट असली की आपल्याला पुरुषातली आई चटकन ओळखू येते. दारातल्या पुरुषाची गोष्ट निघाली की तीच नजर अधू होते.

आता जरा तत्त्वज्ञान, पण थोडंच. पुरुष म्हणजे करणारा आणि बाई म्हणजे सोसणारी, हे आपण निसर्गनियमासारखं धरतो. चीनमधल्या यिन-यांग कल्पनेत तसं आहे; यांग पुरुषी, तापट, क्रियाशील, यिन बायकी, थंड, स्वीकारणारी. ग्रीक ॲरिस्टॉटलही म्हणायचा की घाट पुरुष देतो, बाई नुसती माती. पण आपल्याकडच्या सांख्य दर्शनात हे उलटं आहे. तिथं 'पुरुष' काहीच करत नाही, तो फक्त पाहतो. सगळी उलाढाल प्रकृतीची. सांख्यकारिकेत उपमा आहे, की पुरुष हा पांगळा पण डोळस, प्रकृती चालती पण आंधळी. एकानं दुसऱ्याच्या खांद्यावर बसून वाट काढायची. ज्ञानेश्वर 'अमृतानुभवा'च्या पहिल्याच प्रकरणात शिव-शक्तीचा संसार रंगवतात, तिथं तर घरात माणसं दोनच, आणि नवरा झोपला की बायको जागी राहून दोघांचाही संसार चालवते. (हे वाचताना आमच्या मोठ्या मायनं, म्हणजे थोरल्या काकूनं, मान डोलावली होती. तिला तत्त्वज्ञान कळलं की घरची आठवण आली, मी विचारलं नाही.)

म्हणजे क्रिया पुरुषी की बायकी, यावर जगातल्या थोर लोकांचंच एकमत नाही. जिथं एकमत नाही तिथं निसर्गनियम कसला? ती त्या त्या समाजानं केलेली वाटणी.

१९७४ मध्ये सँड्रा बेम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी हे मोजण्याची एक साधी रीत काढली. त्याआधी पुरुषपण आणि बाईपण एकाच दोरीची दोन टोकं धरत. इकडे सरकलात की तिकडून कमी. बेम यांनी दोन वेगळी मापं केली. साठ विशेषणं, त्यातली वीस समाज पुरुषी मानतो अशी, वीस बायकी मानतो अशी, वीस कुठलीच नाहीत अशी. प्रत्येकानं स्वतःला गुण द्यायचे. तेव्हा अनेक माणसं दोन्हीकडे भरपूर गुण घेणारी निघाली. ठाम आणि मायाळू, दोन्ही. तागडीचं एक पारडं खाली गेलं की दुसरं वर जातं, असं मनाचं नसतं. या दोन वेगळ्या पायल्या आहेत. दोन्ही भरल्या असू शकतात, दोन्ही रित्याही.

इथपर्यंत पुतण्या ऐकत होता, पण मधूनच मोबाइलकडे पाहत होता. मग मी त्याला म्हटलं, चाड्यावर कोण असते आपल्याकडे?

"मोठी आजी."

माझी मोठी माय म्हणजे त्याची मोठी आजी. आमच्याकडे तिफणीनं पेरणी व्हायची तेव्हा मोठे बाबा जोडी हाकायचे आणि मोठी माय चाड्यावर असायची. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तिफणीला तीन फण असतात, प्रत्येक फणाच्या मागे नळा, आणि तिन्ही नळे वर एका लाकडी वाडग्यात उघडतात, ते चाडं. चालत चालत त्या चाड्यात मुठीनं बी सोडायचं. पाहायला सोपं वाटतं. मूठ सैल पडली की बी दाट पडतं, मग विरळणीला मजूर लावा. मूठ आवळली की ओळीत उघडी जागा राहते. जोडी कधी हळू चालते, कधी माशी चावली की पळते, आणि मुठीनं त्या पायांशी मेळ ठेवायचा असतो. कमरेला बांधलेल्या ओटीत बी, डोक्यावर ऊन, पायाखाली ढेकळं, आणि डोळे तिन्ही नळ्यांवर, कारण एखादा मातीनं बुजला तर अख्खी ओळ रिकामी जाते. संध्याकाळी गावात कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं: मोठ्या बाबांची पेरणी झाली.

हे सांगायचं कारण असं. पुरुष बी, बाई जमीन, हा आपल्या डोक्यातला सगळ्यात घट्ट साचा आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात तो सरळ लिहिला आहे, की बाई म्हणजे क्षेत्र, पुरुष म्हणजे बीज. मूल कुणाचं, वंश कुणाचा, जमीन कुणाची, हे सगळं त्यातून काढलं गेलं. १८२७ मध्ये कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यानं सस्तन प्राण्यांतलं मादीचं बीज सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं, तेव्हा विज्ञानापुरता तो साचा फुटला. बी दोघांचं असतं. पण आमच्या वावरात सूक्ष्मदर्शकाची गरजच नव्हती. तिथं बी डोळ्यांदेखत बाईच्या मुठीतून पडत होतं आणि पुरुष जमीन फाडत पुढे चालत होता. साचा आणि वावर एकमेकांसमोर उभे होते, आणि गाव रोज साच्यावरच विश्वास ठेवत होतं.

बी नुसतं पेरण्यापुरतं नाही, राखण्यापुरतंही बाईकडेच होतं. कोणत्या ज्वारीचं कणीस बियाण्याला ठेवायचं, तूर कडुनिंबाचा पाला घालून कोणत्या मडक्यात भरायची, सरकीला शेण-माती चोळून नळ्यातून सरळ घरंगळेल अशी कधी करायची, हे मोठ्या मायला ठाऊक होतं. आधी संकरित वाण आले, मग २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. बियाणं साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटात कृषी केंद्रातून येऊ लागलं. कृषी केंद्र बाजाराच्या गावी, उधारी पुरुषाच्या नावावर, वाण कोणता घ्यायचा हे दुकानदार आणि मोठे बाबा यांच्यात ठरणार. कापूस आता टोबतात. रेघ मारून फुलीवर एकेक बी टोबणाऱ्या मजूर बायाच असतात. काम बाईकडे राहिलं, बी मात्र तिच्या घरातून गेलं. त्या वर्षी घरात कुणी भांडलं नाही, सभा झाली नाही. एक मडकं रिकामं राहिलं, पुढं त्यात मोठी माय लोणचं घालायला लागली. आधुनिक समाज आला म्हणजे बाईच्या हाती आपोआप जास्त येतं, असं समजणाऱ्यांनी ते मडकं पाहावं.

एक गोष्ट आणखी, कारण ती आपल्या विदर्भाची आहे. 'भारतीय नारी' म्हणून मुकाट, खालमानेची बाई दाखवली जाते, पण आपल्या भूमीच्या लेकी म्हणून ज्या पुराणांत येतात त्यांतली एकही तशी नाही. लोपामुद्रा, अगस्त्याची बायको, विदर्भराजाची मुलगी मानलेली. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात तिचा संवाद आहे. ती नवऱ्याला स्पष्ट म्हणते, की तप करता करता म्हातारपण आलं, आता माझ्याजवळ ये. रुक्मिणी कौंडण्यपूरची. भावानं शिशुपालाशी ठरवलेलं लग्न तिला नको होतं. तिनं ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला निरोप धाडला, कुठं आणि कधी यायचं तेही कळवलं. पळवणारा कृष्ण, बेत तिचा. आणि दमयंती. जंगलात टाकून गेलेल्या नवऱ्याला शोधायला तिनं देशोदेशी माणसं पाठवली. सुगावा लागल्यावर दुसऱ्या स्वयंवराची खोटी बातमी एका दिवसाच्या मुदतीनं अयोध्येला पोचवली, कारण इतक्या वेगानं रथ हाकणारा नलच असणार हे तिला माहीत होतं. तो आला तेव्हा बाहुक नावाचा कुरूप सारथी होता. दमयंतीनं त्याला ओळखलं त्यातली एक खूण होती त्याच्या हातच्या स्वयंपाकाची चव. राजा त्याच्या रांधण्यावरून ओळखला गेला. नलपाक हा शब्द आपण लग्नाच्या पंगतीत सहज वापरतो आणि तो पुरुषाच्या स्वयंपाकाचा आहे हे विसरतो.

भुलाबाईचंही असंच. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आमच्याकडे पोरी भुलोबा-भुलाबाई मांडतात, गाणी म्हणतात, खिरापत ओळखायला लावतात. गोष्ट अशी की रुसून निघून गेलेल्या शंकराला परत आणायला पार्वती भिल्लीण झाली. तिला तो भुलला, म्हणून भुलोबा. इथंही खेळ तिचाच.

मग एवढं सगळं असताना अडतं कुठं? माझ्या मते 'कर्ता' या एका शब्दावर. व्याकरणात क्रिया करणारा तो कर्ता. घरात मात्र ज्याच्या नावावर क्रिया लागते तो कर्ता. मागच्या दिवाळीत कसल्याशा कागदासाठी मोठ्या मायची लोखंडी पेटी उघडली. वर नॅप्थलीनच्या गोळ्या, लग्नातला शालू, खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून तिचं नाव, कारण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख धरायची असं ठरलं. त्याच पिशवीत सातबारा, त्यावर फक्त मोठे बाबा. एकाच पेटीत, एकाच घराचे दोन प्रमुख. फरक एवढाच की रेशनकार्डावर गहू-तांदूळ मिळतो आणि सातबाऱ्यावर पीककर्ज, पीकविमा, किसान सन्मानचे वर्षाला सहा हजार. खायला घालणारी ती, मालक तो. अन्नपूर्णा आणि बळीराजा हे दोन आदिबंध सरकारी कागदावरही बरोबर आपापल्या जागी जाऊन बसले आहेत. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या खातेदारांत बाया सुमारे १४ टक्के होत्या. निंदण, वेचणी, टोबणी यांत त्या किती असतात हे कुठल्याही वावराच्या धुऱ्यावर उभं राहून दिसतं.

कायदा हळूहळू सरकतो आहे. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, देशानं २००५ मध्ये. दिल्ली उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१५ मध्ये सांगितलं, की हिंदू एकत्र कुटुंबाची कर्ता सगळ्यात मोठी मुलगीही होऊ शकते. वाक्य मराठीत लिहिताना 'कर्ता होऊ शकते' असं अडखळतं. बाईसाठी तो शब्द आपण घडवलाच नाही. 'कर्ती' आहे, पण 'कर्तीसवरती' म्हणून कौतुकापुरता.

आणि या एका शब्दानं पुरुषाचंही काही भलं केलेलं नाही. आमच्या भागातल्या शेतकरी आत्महत्यांबद्दल लिहिताना हात जड होतो. कारणं डोळ्यांसमोर आहेत. कोरडवाहू जमीन, ओलिताची सोय नाही, कापसाचा भाव, बोंडअळी, खाजगी सावकार. साच्यामुळे कर्ज होत नाही. पण झालेलं कर्ज घरात सांगायचं की नाही, हे साचा ठरवतो. बळीराजा म्हटलं की तो देणारा. राजानं घरात येऊन 'माझ्याकडून होत नाही' असं म्हणायची सोय त्या वाटेत ठेवलेली नाही. माणूस गेल्यावर सोसायटीची, बँकेची, कृषी केंद्राची, आणखी कुणाची अशा चिठ्ठ्या एकेक निघतात आणि बायकोला आकडा तेव्हा कळतो. मग तीच बाई फेरफारासाठी तलाठ्याकडे खेटे घालते, जोडी विकून ट्रॅक्टर भाड्यानं सांगते, पोरांच्या फिया भरते. कर्त्याचं सगळं काम ती आधीपासून निम्मं करतच होती. नवं असतं ते इतकंच, की आता तिला लोकांशी वर मान करून बोलावं लागतं, आणि त्याबद्दल टोमणे ऐकावे लागतात.

पंचायतीत निम्म्या जागा बायांना आहेत, त्यावर मी फार लिहीत नाही. सरपंचबाई खुर्चीत आणि 'सरपंचपती' खुर्चीमागे, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नवऱ्याला "तुम्ही बाहेर थांबा" म्हणणाऱ्याही पाहिल्या आहेत, तेही लिहायला हवं.

पुतण्याच्या मोबाइलकडे परत येतो, कारण त्याचा प्रश्न उनाड नव्हता. त्याच्याहून सात-आठ वर्षं मोठी पोरं गावात बिनलग्नाची बसली आहेत. दहा एकर वावर, पक्कं घर, मोटारसायकल, आणि मुलीकडचे विचारतात, नोकरी कुठं? पोरं म्हणतात पोरी माजल्या. मला वाटतं पोरींनी आपल्या आईला पाहिलं आहे, तिची मूठ आणि तिचं नाव नसलेला सातबारा, दोन्ही. त्या शेताला नाही म्हणत नाहीत, आईच्या त्या जागेला नाही म्हणतात. इकडे पोराला लहानपणापासून एकच वाट दाखवली होती. कमवणारा हो, कर्ता हो, बाकी सगळं आपोआप येईल. ती वाट वस्तीच्या कडेलाच बुजली. अशा वेळी जिममधला दाढीवाला येऊन सांगतो की तू लांडगा आहेस, तर पोराला बरं वाटणारच. कोरड्या नाल्यात कुणीतरी टँकरनं पाणी सोडतोय, एवढंच ते आहे.

त्या दिवशी पुतण्या काही बोलला नाही. पाऊस चार दिवसांनी आला. मोठी वावरं ट्रॅक्टरनं पेरली, पण नाल्याकडच्या तुकड्यात ट्रॅक्टर फिरत नाही, तिथं दरवर्षी भाड्याच्या जोडीनं तिफण चालते. मोठे बाबा आता नाहीत, जोडी त्यांच्याच पोरानं हाकली. मोठ्या मायचा गुडघा दुखत होता. ती धुऱ्यावर बसली आणि चाड्यावर पुतण्याला उभं केलं.

"मूठ दाबू नको बापू," ती तिथून ओरडत होती, "अन् खाली पाह्य, मोबाइल नाही हाये तो."

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. तूर निघाली होती. "काका, माह्या ओळी दुरूनच ओळखू येऊन राहिल्या," तो म्हणाला. एका जागी जावळासारखी दाट, पुढे दोन हात मातीच माती. मोठ्या मायनं त्याला पिशवीत बी देऊन बायांच्या रांगेत ओळींतल्या रिकाम्या खांडण्या भरायला लावलं होतं.